नाना फडणवीस आणि आपल्या जागेची धास्ती

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या सडकेनें आज जो कोणी प्रवास करील, त्यास पिंपरी-चिंचवडपासून तळेगांवापर्यंत, आणि तळेगांवाहून चाकणच्या वाटेस लागल्यावर तेथपर्यंत, दोहों बाजूंस कारखान्यांचीं छपरें व मालमोटारींच्या रांगा यांवांचून फारसें कांहीं दिसणार नाहीं. इ. स. १९५४ त पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि त्यानंतर मोटारी व त्यांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने ह्या भागांत वाढतच गेले. आमच्या वाचकांच्या घरांतलीं पुष्कळ मुलें तेथें कामास आहेत. तीं सणावारीं घरीं येतात तेव्हां पगाराविषयीं व पाळीविषयीं बोलतात, तसेंच आपल्या वरच्या माणसाविषयींही बोलतात. आणि त्या बोलण्यांतलें एक गाऱ्हाणें आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकिलें आहे. वरचा मनुष्य कामांत हुशार आहे, कष्टाळू आहे, पैशाच्या व्यवहारांत स्वच्छ आहे. परंतु त्यास सदा आपल्या जागेची धास्ती. हाताखालचा कोणी चांगलें काम करूं लागला कीं ह्याच्या कपाळास आठी पडते. यंत्राची खुबी तो कोणास पुरती सांगत नाहीं, मोठ्या साहेबांपाशीं आपल्यावांचून दुसऱ्या कोणीं जाऊं नये अशी व्यवस्था ठेवितो, आणि कोण कोणाशीं काय बोललें हें कळविण्यास दोघे तिघे जवळ बाळगतो.

हा रोग नवा नाहीं. शौल राजाची गोष्ट आमच्या वाचकांस पाठच आहे, म्हणून ती येथें सांगत नाहीं. त्याऐवजीं ज्या पुरुषाच्या आयुष्यांतील एक मोठा प्रसंग ह्याच सडकेच्या कांठीं घडला, आणि ज्याच्या बुद्धीविषयीं शत्रूसही संशय नव्हता, त्याचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो पुरुष म्हणजे नाना फडणवीस.

नानांचें पूर्ण नांव बाळाजी जनार्दन भानु. घराणें मूळचें कोंकणांतील वेळास गांवचें. आजोबा बाळाजी महादेव हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर देशावर आले, आणि इ. स. १७१९ त दिल्लीच्या स्वारींत तेथील एका दंग्यांत मारले गेले. पुढें फडणिशीचें काम ह्या घराण्याकडे चाललें. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. वडील जनार्दनपंत १७५६ त वारले तेव्हां नाना चौदा वर्षांचे होते, आणि त्याच वयांत दौत-लेखणी त्यांच्या हातीं आली. फडणिशी म्हणजे केवळ लिहिण्याचें काम असें कोणीं समजूं नये. कोणास सरंजाम दिला, कोणाचें वतन जप्त झालें, कोणत्या पथकाचा पगार चुकता झाला व कोणाचा राहिला, कोणत्या परगण्याचा वसूल किती आला, हें सर्व त्या कचेरीच्या कागदांवर उतरल्याशिवाय पुरें होत नसे. तलवार चालविणारे पुष्कळ होते. पण तलवारीस भाकर कोठून मिळते हें फडणिसास ठाऊक असे. पुढें नानांच्या अमदानींत हुजूर दप्तरांत सुमारें २०० कारकून बसत, आणि तेथील कागदांची जी व्यवस्था त्यांनीं लाविली ती पाहून पेशवाई बुडाल्यानंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांसही नवल वाटलें.

एकोणिसाव्या वर्षीं हा तरुण भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर उत्तरेस गेला. लढाईस जावें हा त्याचा हेतु नव्हता; आई व पत्नी बरोबर होत्या, आणि तीर्थयात्रा घडावी ही इच्छा होती. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें झालें तें सर्वांस माहीत आहे. नाना त्या दिवशीं रणांगणावर होते. सैन्य फुटलें तेव्हां ते निघाले. अंगावरचीं वस्त्रें टाकून, गवतांतून लपतछपत, उपाशी पोटीं, कित्येक दिवस पायीं चालत त्यांनीं जीव वांचविला. पत्नी पुढें सुखरूप भेटली. आई त्या पळापळींत गेली ती गेलीच. ह्या सर्वांची हकीकत नानांनीं स्वतः लिहून ठेविली आहे, आणि आपल्या मनाच्या दुबळेपणाविषयीं तींत त्यांनीं जितक्या मोकळेपणानें लिहिलें आहे तितक्या मोकळेपणानें त्या काळच्या दुसऱ्या कोणा कारभाऱ्यानें लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. एका दिवसांत एवढें मोठें सैन्य नाहींसें होतें, ज्याच्या छत्राखालीं आपण उभे आहों तो पुरुष घटकेंत दिसेनासा होतो, आणि आपली आई आपणांस राखतां येत नाहीं, हें ज्यानें एकोणिसाव्या वर्षीं पाहिलें त्यास पुढें कोणतीही गोष्ट पक्की वाटणें कठीण. नानांच्या पुढच्या वर्तनाचा न्याय करितांना हें पानिपत विसरूं नये असें आम्हांस वाटतें.

थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकीर्दीचीं अकरा वर्षें नानांनीं एका कर्त्या धन्याच्या हाताखालीं काढिलीं. माधवराव वयानें लहान व प्रकृतीनें क्षीण होते, परंतु आपल्यापेक्षां शहाणा मनुष्य जवळ असला तर त्यांस त्याचें भय वाटत नसे. रामशास्त्री प्रभुण्यांनीं तोंडावर दोष दाखविला तर ते तो ऐकून घेत. त्या धन्याजवळ नाना हिशेब, वसूल व बातमी या कामांत तयार झाले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें माधवराव वारले. नऊ महिने झाले न झाले तोंच ३० ऑगस्ट १७७३ रोजीं त्यांचे धाकटे बंधु नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत गारद्यांनीं खून केला, आणि चुलते रघुनाथराव गादीवर बसले.

मग बारभाईंचें कारस्थान उभें राहिलें. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविलें, आणि १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें जो मुलगा झाला त्यास चाळीस दिवसांचा असतांना पेशवाईचीं वस्त्रें देवविलीं. हेच सवाई माधवराव. बारभाईंत वडीलपणाचा मान सखारामबापू बोकील यांचा. त्यांच्याजवळ नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, नानांचे चुलतबंधु मोरोबादादा असे अनेक होते. येथून नानांचा स्वतःचा कारभार सुरू होतो, आणि येथूनच आमच्या विषयासही प्रारंभ होतो.

त्या वेळची नानांची स्थिति वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड हे सर्व फौजबंद सरदार. प्रत्येकाच्या मागें हजारों घोडा. नानांजवळ स्वतःची फौज नाहीं, रणांत नांव मिळविलेलें नाहीं. त्या काळच्या साडेतीन शहाण्यांची गणना लोकांच्या तोंडीं आहे, तींत सखारामबापू, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे तीन पुरे शहाणे, आणि नाना अर्धे. कारण बुद्धि पूर्ण, पण तलवारीचा अभ्यास नाहीं. अशा मनुष्याचा हुकूम राणोजी शिंद्यांच्या मुलानें कां मानावा? तो हुकूम बाळ पेशव्याच्या नांवानें निघतो म्हणून. म्हणजे नानांचा सर्व अधिकार एका पाळण्यावर उभा होता. मूल दगावलें तर अधिकार गेला, तें दुसऱ्याच्या हातीं पडलें तरी गेला. आणि मूल मोठें होऊन आपल्या पायांवर उभें राहिलें म्हणजेही तो जावयाचाच. पहिल्या दोन संकटांशीं नाना आयुष्यभर उघड लढले. तिसऱ्याचा उच्चार त्यांनीं बहुधा स्वतःच्या मनाशींही केला नसेल.

धास्ती निराधार नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. इ. स. १७७८ त खुद्द मोरोबादादांनीं होळकरांच्या पाठिंब्यानें पुण्याचा कारभार आपल्या हातीं घेतला, आणि नानांस पुरंदरावर जाऊन बसावें लागलें. महादजी शिंदे कोल्हापुराकडून परत आले तेव्हां पारडें फिरलें. जुलै महिन्यांत मोरोबादादा पकडले गेले, आणि त्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यांत झाली. एका घरांत वाढलेला, एकाच फडावर शेजारीं बसणारा भाऊ असा उलटला.

त्याच वर्षाच्या अखेरीस रघुनाथरावांस गादीवर बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून वर आली. तिच्याबरोबर १९,००० बैल होते असें इतिहासांत नमूद आहे, आणि ती दिवसास एखादा मैल चाले. मराठ्यांनीं समोरासमोर गांठ न घालतां तिच्या भोंवतीं रान मोकळें करण्याचा बेत केला. गवत जाळलें, धान्य हलविलें, विहिरी निरुपयोगी केल्या. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानें पडला. त्याच्या शौर्यावर शत्रूही लुब्ध होते, आणि मावळांत त्यास इष्टुर फांकडा ह्या नांवानें अजून ओळखतात. ९ तारखेस इंग्रज तळेगांवास पोंचले तों गांव जळालेला. पुढें चिंचवड जाळावें, आणि प्रसंग पडल्यास पुणेंही आगीच्या स्वाधीन करावें, अशी तयारी आहे हें त्यांस कळलें. ज्या पुण्यांत नानांचें घर, दप्तर, जन्माची मिळकत होती तें पुणें जाळण्यास ते सिद्ध झाले होते! ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत टाकून इंग्रजांनीं पाय मागें घेतला. मराठ्यांनीं त्यांस वडगांवापाशीं गांठून कोंडलें, आणि तेथें त्यांस रघुनाथरावांस सोडून देण्याचा व घेतलेला मुलूख परत करण्याचा तह करावा लागला. मुंबई व कलकत्ता येथील त्यांच्या वरिष्ठांनीं तो तह पुढें नाकारला, ही गोष्ट वेगळी.

ह्या मोहिमेंत नानांचा स्वभाव आपल्या उत्तम रूपानें दिसतो. सदा संकटाची चाहूल घेत राहणारा मनुष्य संकट खरोखर आलें म्हणजे सर्वांच्या आधीं तयार असतो. इंग्रजांच्या हालचालीची बातमी पुण्यांत वेळेवर येत होती. महादजींसारखा सेनापति व नानांसारखा कारभारी त्या दिवसांत एका मताचे होते. आणि रसदेचा, पैशाचा व पत्रांचा बंदोबस्त बिनचूक होता. वडगांव हें ह्या दोन पुरुषांच्या परस्पर विश्वासाचें फळ होय. तो विश्वास पुढें टिकता तर हिंदुस्थानच्या इतिहासास कोणतें वळण लागतें याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

वडगांवच्या विजयानंतर थोड्याच आठवड्यांत सखारामबापू कैद झाले. रघुनाथरावांस आणण्याविषयीं इंग्रजांस जें पत्र गेलें त्यावर बापूंची सही होती, असा पुरावा महादजींकडून नानांच्या हातीं आला. अपराध होता, यांत वाद नाहीं. तथापि ज्या म्हाताऱ्यानें बारभाईंची मोट बांधिली, त्यास एका गडावरून दुसऱ्या गडावर हलवीत ठेवावें, आणि १७८१ त रायगडावर बंदींतच त्याचा अंत व्हावा, हें वाचून मन उदास होतें. बारभाईंपैकीं स्वतंत्र बुद्धीचें माणूस आतां पुण्यांत उरलें नाहीं. हरिपंत फडके होते. ते शूर, एकनिष्ठ व निगर्वी, आणि म्हणूनच त्यांचें भय वाटण्याचें कारण नव्हतें.

यानंतरचीं वीस वर्षें नाना हे पुणें दरबाराचे सर्वाधिकारी. त्यांच्या कारभाराचें श्रेय आम्ही हातचें राखून देत नाहीं. वसूल वेळेवर, न्याय बऱ्यापैकीं, रयतेस जाच कमी, आणि रोजची दिनचर्या अशी रेखीव कीं घड्याळ त्यावरून लावावें. पुण्यांतील हौद, बेलबाग, वांईजवळ मेणवलीचा वाडा व कृष्णेवरील घाट हीं त्यांचीं कामें अजून पाहण्यास मिळतात. मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे, आणि तिजवर बाळ येशूस घेतलेल्या मरीयेची आकृति आहे. ती वसईच्या स्वारींतून आणिलेली, असें सांगतात. आमच्या वाचकांपैकीं कोणी तिकडे गेल्यास त्यानें ती अवश्य पाहावी. जेम्स वेल्स नांवाच्या चित्रकारानें सवाई माधवरावांबरोबर काढिलेली नानांची तसबीर प्रसिद्ध आहे. कृश देह, लांबट चेहरा. त्या चेहऱ्यावर हसूं कधीं उमटलें असेल असें वाटत नाहीं.

नानांच्या बातमीदारीची ख्याति सर्व हिंदुस्थानभर होती. दूरदूरच्या दरबारांतून त्यांस पत्रें येत, आणि कोणत्या वाड्यांत काय शिजतें हें त्यांस त्या वाड्याच्या धन्याआधीं कळे, असें लोक म्हणत. परराज्यांविषयीं ही सावधगिरी गुणच होता. परंतु घरांत तीच रीत चालविली म्हणजे काय होतें त्याचा नमुना घाशीराम कोतवाल. पुण्याची कोतवाली ह्या मनुष्याकडे अनेक वर्षें होती, आणि वरची मर्जी असल्यामुळें त्याच्याविरुद्ध तोंड उघडण्यास कोणी धजत नसे. ऑगस्ट १७९१ त त्यानें परदेशी ब्राह्मणांस एका कोंदट जागेंत कोंडिलें, त्यांतले पुष्कळ गुदमरून मेले, आणि खवळलेल्या जमावानें घाशीरामास दगडांनीं ठेंचून मारिलें. ज्याचे कान सर्वत्र, त्याला आपल्याच शहराचें रडें सर्वांच्या शेवटीं ऐकूं आलें.

आतां महादजींकडे वळूं. १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. त्यांत मध्यस्थ व जामीन महादजी राहिले, त्यामुळें त्यांची किंमत वाढली. आणि पुण्याहून त्या तहावर शेवटचा शिक्का पडण्यास कित्येक महिने लागले. पुढें महादजींनीं दिल्लीच्या बादशहाचा सर्व कारभार आपल्या हातीं घेतला. तिकडून ते पैसा व फौज मागत. इकडून नाना हिंदुस्थानच्या वसुलाचा हिशेब मागत. दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें बरोबर होतें! १७८७ त लालसोटच्या लढाईनंतर महादजी फार अडचणींत आले असतां पुण्याहून मदत गेली ती उशिरा, आणि जी गेली ती अलीबहादर व तुकोजी होळकर यांच्या हाताखालीं. म्हणजे मदतही आणि पाळतही. ज्यास साह्य करावयाचें त्याच्याच शेजारीं त्याचा प्रतिस्पर्धी नेऊन बसवावा, ही युक्ति नानांस वारंवार सुचे. तिनें महादजी फार वाढले नाहींत हें खरें, पण मराठ्यांचें उत्तरेंतलें कामही त्याच मानानें अडलें.

अशी युक्ति करणारे लोक आजही आहेत, आणि त्यांस आपण कांहीं वाईट करितों असें वाटतही नाहीं. कारखान्यांत एका खात्यावर दोन मुकादम नेमून एकास दुसऱ्याच्या चुका टिपावयास सांगणारा वरिष्ठ आपल्या मनाशीं म्हणतो कीं, मी धन्याच्याच हितासाठीं लक्ष ठेवितों. गांवच्या सोसायटीचा चिटणीस, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष, भजनमंडळीचा जुना पुढारी, यांच्याही मनांत हा विचार येतो. नवा मुलगा चांगलें गातो असें दिसतांच पेटी कुलपांत जाते! येथें समजून घेण्यासारखी गोष्ट ही कीं, भ्यालेला पुढारी बहुधा आळशी नसतो. तो सर्वांहून अधिक राबतो. कारण जें काम चार माणसांवर सोंपवावयाचें तें तो एकटा ओढतो, आणि मग आपल्यावांचून कोणास येत नाहीं अशी त्याची खरीच तक्रार असते. नानांच्या पत्रव्यवहाराचे ढीग पाहिले म्हणजे एवढें एका मनुष्यानें कसें केलें असें आश्चर्य वाटतें, आणि त्याबरोबर एवढें एकट्यानेंच कां केलें असेंही मनांत येतें.

जून १७९२ त महादजी पुण्यास आले. बादशहाकडून आणिलेल्या वस्त्रांचा समारंभ मोठ्या थाटानें झाला, आणि एवढा पराक्रमी सरदार पेशव्यांच्या जोड्यांची सेवा करण्यांत आपला मान समजला. सवाई माधवराव तेव्हां अठरा वर्षांचे. आजवर त्यांस भेटत ते कारभारी, शास्त्री व हिशेब. महादजींनीं त्यांस शिकारीस नेलें, लढायांच्या गोष्टी सांगितल्या, मोकळ्या मैदानावर घोडा सोडूं दिला. तरुण पेशवा त्यांच्याकडे ओढला गेला. नानांनीं हें पाहिलें, आणि आपण कारभार सोडून काशीस जाऊन राहतों असें त्यांनीं पेशव्यांस कळविलें. नोकरीचा राजीनामा पुढें करून धन्याकडून आपली गरज वदवून घेण्याची ही रीत फार जुनी आहे. पेशव्यांनीं त्यांस जाऊं दिलें नाहीं, आणि हरिपंतांसारख्यांच्या मध्यस्थीनें दोघां कारभाऱ्यांचा वरवर समेट झाला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं महादजी वानवडी येथें वारले. त्याच वर्षीं हरिपंतही गेले. पुढच्या मार्चांत खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, आणि पेशव्यांच्या जरीपटक्याखालीं सर्व मराठे सरदार शेवटचे एकत्र जमले. नाना आतां बिनस्पर्धी होते. सर्व मार्ग मोकळा झाला असें बाहेरून दिसत होतें.

रघुनाथराव १७८३ त वारल्यावर त्यांचीं मुलें बाजीराव व चिमाजीअप्पा हीं नजरकैदेंत वाढलीं. अगोदर कोपरगांव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली, आणि १७९४ त जुन्नरचा शिवनेरी किल्ला. बाजीराव सवाई माधवरावांहून नऊ महिन्यांनीं धाकटे. एकाच वयाचे दोन चुलते-पुतणे. एक गादीवर, एक गडावर. आणि मोकळे दोघेही नाहींत. बाजीरावांनीं पहारेकरी बळवंतराव नागनाथ यांच्या मार्फत पेशव्यांस गुप्तपणें पत्रें पाठविलीं, पेशव्यांनींही स्नेहाचीं उत्तरें दिलीं. नानांस हें कळलें तेव्हां त्यांचा क्रोध आवरेना. बळवंतरावांच्या पायांत बेड्या पडल्या, बाजीरावांचा पहारा कडक झाला, आणि एकवीस वर्षांच्या पेशव्यास शाळकरी पोराप्रमाणें बोल ऐकावे लागले. बाजीराव पुढें किती कुटिल निघाले हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून नानांचा संशय खरा होता असें कोणी म्हणेल. पण जो मुलगा जन्मल्यापासून पहाऱ्यांत वाढला त्यानें दुसरें काय शिकावें, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजीं, दसरा होऊन थोडेच दिवस झाले असतां, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालीं कारंजाच्या हौदावर पडले, आणि दोन दिवसांनीं वारले. तापाच्या भ्रमांत तोल गेला, कीं त्यांनीं होऊन उडी टाकिली, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे, व तो मिटण्यासारखा नाहीं. नानांनीं ज्या पाळण्यावर एकवीस वर्षें पहारा केला तो असा रिता झाला. आपल्या पोटच्या मुलाप्रमाणें त्यांनीं त्यास सांभाळिलें होतें. त्याच्या अंगास वारा लागूं नये म्हणून त्यांनीं जें जें केलें तें प्रेमानें केलें कीं भयानें, हें निराळें करून सांगणें त्यांस स्वतःसही शक्य नसेल.

पुढचीं चार वर्षें म्हणजे धांवाधांव. बाजीरावांस गादीवर येऊं देऊं नये म्हणून पेशव्यांची विधवा पत्नी यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक देण्याची मसलत झाली, ती ढांसळली. परशुरामभाऊ पटवर्धन एकदां बाजीरावांस आणण्यास शिवनेरीवर गेले, आणि पुढें शिंद्यांच्या लोकांशीं मिळून त्यांच्याच धाकट्या भावास, चिमाजीअप्पांस, यशोदाबाईचा दत्तक करून त्यांनीं गादीवर बसविलें. नाना जिवाच्या भयानें पुणें सोडून सातारा, वांई, अखेर कोंकणांत महाड येथें गेले. तेथें बसून ह्या म्हाताऱ्यानें लेखणीच्या बळावर शिंदे, होळकर, भोसले, निजाम यांची अशी मोट बांधिली कीं, डिसेंबर १७९६ त बाजीराव पेशवे झाले आणि नाना पुन्हां कारभारी. जन्मभर ज्याची धास्ती घेतली त्यासच हातानें गादीवर बसविण्याची पाळी त्यांजवर आली! बुद्धि तीच होती. परंतु भरंवशाचें माणूस कोठें उरलें नव्हतें. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना शिंद्यांच्या गोटांत भेटीस गेले असतां, सुरक्षिततेचें वचन देणाऱ्या मायकेल फिलोज नांवाच्या फिरंगी सरदारानें त्यांस धरिलें. त्यांस ठेविलें अहमदनगरच्या किल्ल्यांत, जेथें वीस वर्षांपूर्वीं त्यांनीं मोरोबादादांस पाठविलें होतें. १० लाख रुपये भरून ते १७९८ त सुटले, पुन्हां कारभारावर आले, आणि १३ मार्च १८०० रोजीं पुण्यांत वारले.

त्यांच्या मागें कारभार चालवील असा एकही मनुष्य पुण्यांत नव्हता. तीन वर्षांच्या आंत यशवंतराव होळकरांनीं पुणें घेतलें, बाजीराव वसईस पळाले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८१८ त पेशवाई संपली. हुजूर दप्तराची घडीही त्याच दिवसांत विस्कटली. नानांच्या वेळचे कागद ओळीनें लावलेले, आणि त्यांच्या पुढचे सारे अस्ताव्यस्त, असें पुढें ते पाहणाऱ्यांस आढळलें.

चरित्र येथें संपावयास हरकत नव्हती, पण मावळांतील एका गडाची हकीकत सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेववत नाहीं. वडगांवाहून मुंबईकडे जातांना डाव्या हातास लोहगड दिसतो. नानांनीं आपला खजिना ह्या गडावर ठेविला होता, आणि तो ज्याच्या हवालीं केला त्याचें नांव धोंडो बल्लाळ नित्सुरे. हा मनुष्य सरदार नव्हता, मुत्सद्दी म्हणूनही नांवाजलेला नव्हता. नाना वारल्यावर त्यांच्या मिळकतीवर बाजीरावांची दृष्टि गेली. घरांत पुत्र नाहीं. वाड्यावरचे अरब शिपाई थकलेल्या पगारासाठीं अडून बसलेले. आणि विधवा जिऊबाई केवळ अल्पवयी मुलगी. ह्या मुलीस अखेर लोहगडावर धोंडोपंतांपाशीं आसरा मिळाला. पेशव्यांचा हुकूम आला तरी धोंडोपंतांनीं गड खालीं केला नाहीं. पुढें जनरल वेलस्ली यानें मध्यस्थी केली, जिऊबाईस सालिना १२,००० रुपयांची नेमणूक ठरली, आणि ती सुखरूप पनवेलीस गेली. धनी मरून तीन वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि त्याच्यापासून आतां मिळण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

लोहगडावर एक मोठें बांधीव टांकें आहे. तेथील शिळेवर शके १७११ चा, म्हणजे इ. स. १७८९ चा, लेख कोरलेला आहे. बाळाजी जनार्दन फडणवीस यांनीं हें टांकें धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या देखरेखीखालीं बांधविलें, असा त्याचा आशय आहे. आणि धनी व चाकर यांचीं दोन्हीं नांवें त्या एकाच दगडावर आहेत.